रक्त गेलं : किती, कधीपासून, कुठून?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी 'रक्तस्राव' असं सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले. रौप्यमहोत्सवात असला विषय कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण आपण शहापुरात राहतो. दाराशी मुंबई-आग्रा महामार्ग, पुढे कसारा घाट, पलीकडे मुरबाडहून माळशेजकडे जाणारा रस्ता. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही आपल्याच तालुक्यातून धावू लागला. पावसाळ्यात शेतात, बांधावर घोणस-फुरसं निघतं. आणि पंचवीस वर्षांपूर्वी इथे पहिली चावी घेतली तेव्हा आपल्यातले जे चाळिशी-पन्नाशीचे होते, ते आता सत्तरीच्या आसपास आहेत, रोज सकाळी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेताहेत. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांमध्ये. किसान क्रेडिट कार्ड असलेल्या शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला की विम्याचा दावा आमच्या टेबलावर यायचा. सोबत पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल. मृत्यूच्या कारणापुढे पुष्कळदा तेच शब्द असायचे : 'शॉक अँड हेमरेज'. वारस समोर बसलेला असायचा. एका मुलाने मला विचारलं होतं, "साहेब, बाबांना करंट लागला नव्हता हो, ट्रॅक्टर उलटला होता. मग शॉक का लिहिलंय?" त्या दिवसापासून या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायचं मी ठरवलं. शाखेजवळच्या डॉक्टरांना विचारून एका जुन्या लेजरच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवत गेलो. आज त्याच वहीतलं सांगतो.

आधी मराठी शब्द. 'रक्तस्राव' यात 'त' नाही. 'स्राव' म्हणजे स्रवणं, पाझरणं. आपण 'स्त्री' लिहितो त्या सवयीने 'रक्तस्त्राव' लिहितो. वर्तमानपत्रांतही तसंच छापलं जातं. शुद्धलेखन चुकल्याने कोणाचा जीव जात नाही, पण शब्दाचा अर्थ चुकला तर जाऊ शकतो, म्हणून पुढचं जरा लक्ष देऊन ऐका.

'हेमरेज' म्हटलं की आपल्याला ब्रेन हेमरेजच आठवतं. प्रत्यक्षात हेमरेज म्हणजे रक्तवाहिनी फुटून किंवा कापली जाऊन रक्त बाहेर पडणं. ते मेंदूत होईल, पोटात होईल, मांडीत होईल, नाकातून होईल. मेंदूतल्या रक्तस्रावात रक्त फार जात नाही. कवटी बंद डब्यासारखी असल्यामुळे थोड्या रक्तानेही आत दाब वाढतो आणि तो दाब घात करतो. पोटातल्या किंवा मांडीतल्या हेमरेजमध्ये घात होतो तो रक्त कमी पडल्यामुळे. शब्द एकच, धोका वेगळा.

'शॉक' हा त्याहून फसवा. आपल्या बोलण्यात शॉक बसतो तो विजेचा किंवा वाईट बातमीचा. डॉक्टरांचा शॉक म्हणजे शरीरातल्या अवयवांना पुरेसं रक्त, म्हणजे पुरेसा प्राणवायू न पोचणं. तो रक्त गेल्यामुळे आला तर 'हेमरेजिक शॉक'. 'हायपोव्होलेमिया' म्हणजे वाहिन्यांतला ऐवज कमी होणं. तो रक्ताने कमी होतो तसा जुलाब-उलट्यांनीही होतो. आणि अखेरचा शब्द 'एक्सँग्विनेशन'. लॅटिनमध्ये 'सँग्विस' म्हणजे रक्त आणि 'एक्स' म्हणजे बाहेर. जीव जाईल इतकं रक्त शरीरातून निघून जाणं. आपण म्हणतो, 'रक्त वाहून गेलं'. त्या मुलाच्या वडिलांच्या कागदावरच्या शब्दांचा अर्थ एवढाच होता की रक्त गेल्यामुळे शरीराचा पुरवठा बंद पडला.

आता हिशेब. मोठ्या माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे साठ-सत्तर किलोच्या माणसात चार ते पाच लिटर. ही आपली खात्यातली शिल्लक. रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर काढतात. निरोगी माणूस चहा-बिस्कीट घेऊन घरी जातो, काही होत नाही. डॉक्टर रक्त जाण्याच्या चार पायऱ्या सांगतात. मला त्यात आश्चर्य वाटलं ते याचं, की प्रत्येक पायरीला आपल्या आया-आज्यांच्या बोलीत शब्द आधीपासून तयार आहे.

पहिली पायरी, साधारण पाऊण लिटरपर्यंत, म्हणजे शंभरातले पंधरा भाग. माणूस 'जरा घाबराघुबरा' होतो, बाकी ठीक दिसतो. दुसरी, पाऊण ते दीड लिटर. नाडी शंभराच्या वर जाते, श्वास वाढतो, हातपाय 'गार पडतात', 'घाम फुटतो', चेहरा 'पांढराफटक' होतो. तिसरी, दीड ते दोन लिटर. रक्तदाब घसरतो, लघवी कमी होते, माणूस 'असंबद्ध बोलायला' लागतो, 'मला सोडा, मला झोपू द्या' म्हणतो. चौथी, दोन लिटरच्या पुढे. 'नाडी लागत नाही', 'डोळे फिरवले'. तिथून परत आणणं फार कठीण. वजन कमी असेल तर हे आकडेही त्या प्रमाणात कमी धरायचे.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट दुसऱ्या पायरीवर आहे. एक-दीड लिटर रक्त गेलेलं असताना बीपीचं मशीन नॉर्मल आकडा दाखवू शकतं. शरीर कातडीच्या आणि हातापायांच्या वाहिन्या आवळून घेतं, हृदय जोरात धावतं आणि मेंदू-हृदयाचा पुरवठा टिकवून धरतं. बँकेत ठेवीदार रांगा लावून पैसे काढत असताना काउंटर शांतपणे चालू असतो ना, तसं. तिजोरी रिकामी झाल्यावरच काउंटर बंद पडतो. तेव्हा 'बीपी तर नॉर्मल आहे' म्हणून थांबू नका. नाडी मोजा : पंधरा सेकंद मोजून चारने गुणा. हात गार आहे का पाहा. बोटाचं नख दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. थंडीत आणि म्हाताऱ्या माणसात थोडा उशीर लागतो, पण फारच उशीर लागला तर ती सूचना आहे.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी इथे दोन पोटकलमं आहेत. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर नाडी मुद्दाम हळू ठेवलेली असते. रक्त गेलं तरी ती शंभरावर जाईलच असं नाही. आणि इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही. मी स्वतः स्टेंटनंतर यातल्या दोन घेतो. म्हणून त्या घाबरून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्या घेतो हे घरच्यांना तोंडपाठ असायला हवं, एवढंच.

न दिसणारा रक्तस्रावही असतो. गुडघेदुखीच्या गोळ्या आणि इकोस्प्रिन दोन्ही घेणाऱ्याला जठरातून रक्त जाऊ शकतं. ते लाल दिसत नाही. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण अशी चिकट नसते, तो वासही नसतो. आपली पिढी ही गोष्ट सुनेला, मुलाला सांगायला लाजते आणि 'उठलं की चक्कर येते' एवढंच सांगते. लाजू नका. सांगा.

लाजेवरून माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. मी दुसरीत असताना मुरबाडकडच्या आमच्या गावी धाकटी आत्या बाळंतपणात गेली. घरात सगळे म्हणायचे, 'बाळंतवाऱ्याने गेली'. कोणी म्हणायचं, बाहेरचं काही लागलं. पुढे चाळीस वर्षांनी माझी आई एकदा बोलता बोलता म्हणाली, "मूल चांगलं झालं रे. पण नंतर अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. दोन गोधड्या भिजल्या. पहाटे म्हणाली, मला थंडी वाजतेय, पांघरूण घाला. सगळ्यांना वाटलं, वारंच लागलं." मी तेव्हा वहीत चार पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. आईचं वाक्य ऐकलं आणि एकेक पायरी समोर दिसली. ना वारा होता, ना बाधा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव होता. घरात कोणी निष्काळजी नव्हतं. रात्रभर सगळ्या बायका तिच्या उशाशी होत्या. पण त्यांच्याकडे जो शब्द होता, त्याने त्यांना बैलगाडी जुंपायला लावली नाही.

आणि हे फक्त गरिबाघरचं नाही. आपला महामार्ग ज्या आग्र्याला जातो, तिथला ताजमहाल ज्या मुमताजसाठी बांधला, ती आग्र्यात वारली नाही. ती १६३१ साली आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपुरात, तापीकाठी, चौदाव्या बाळंतपणात गेली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हेच कारण सहसा दिलं जातं. बादशहाच्या पदरी हकीम होते, संपत्ती होती. रक्त थांबलं नाही.

या बाबतीत मोठं काम आपल्या बेळगावात झालं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना नर्सबाईंनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या. ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे जवळजवळ निम्मं.

पण मला बँकवाल्याला जास्त भावली ती दुसरी गोष्ट. किती रक्त गेलं हे मोजायला त्यांनी बाळंतिणीखाली घालायचं एक प्लास्टिकचं कापड वापरलं. त्याला खाली नरसाळ्यासारखी पिशवी, पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. मोजून पाहिल्यावर कळलं की डोळ्यांनी केलेला अंदाज खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी निघतो. रोज बाळंतपणं करणाऱ्यांचे डोळेही फसतात. गोधडी रक्त पिऊन टाकते आणि वरून थोडंच दिसतं. आम्ही कॅशियरला सांगायचो, नोटांच्या गड्डीची जाडी बघू नकोस, मोज. इथेही तेच. प्रसूतीनंतर अर्धा लिटर रक्त गेलं की तो अतिरक्तस्राव अशी व्याख्या डॉक्टर वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. अर्धा लिटर म्हणजे पाण्याची छोटी बाटली. घरातल्या प्रत्येक स्त्रीला हे माप माहीत असायला हवं.

आणखी एक घोटाळा. आपल्याकडे 'तिला रक्त कमी आहे' म्हणतात, म्हणजे हिमोग्लोबिन कमी आहे, पांडुरोग. 'रक्त गेलं' हे वेगळं. पण दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आली तर? ज्या खात्यात मुळातच किमान शिल्लक आहे, त्यातून थोडी रक्कम काढली तरी खातं बुडतं. आपल्या पाड्यांवरच्या कितीतरी बायकांची हीच स्थिती असते. अर्ध्या लिटरची व्याख्या त्यांच्यासाठी फार उदार आहे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, त्यांच्या सुनांना लोहाच्या गोळ्या वेळेवर घ्यायला सांगणं हेसुद्धा रक्तस्रावावरचंच औषध आहे. पावसाळ्यात रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतिणीला डोलीत घालून आणल्याच्या बातम्या आपण अजूनही वाचतो. त्या डोलीतल्या बाईला जो वेळ मिळतो, तो तिच्या अंगात आधी रक्त किती होतं यावरही ठरतो.

सापाबद्दल थोडक्यात. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त येऊ लागतं. दवाखान्यात स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलं आहे हे कळतं. यावर औषध एकच, सर्पदंशाची लस, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. चीर द्यायची नाही, चोखायचं नाही, दोरीने करकचून बांधायचं नाही. हात किंवा पाय न हलवता थेट दवाखाना.

आता जखमेतून रक्त वाहत असेल तर काय? सुश्रुतांनी रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले आहेत : संधान, स्कंदन, पाचन, दहन. म्हणजे जोडणं, गोठवणं, औषधाने सुकवणं, डागणं. ते काम वैद्याचं. वैद्य येईपर्यंत आपलं काम एकच : दाबणं. स्वच्छ कापड घ्या, तळहाताने जोरात दाबा आणि दाबूनच ठेवा. थांबलं का म्हणून उचलून बघू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, कॉफी भरत बसू नका. मोठ्या जखमेत दाबानेच रक्त थांबतं. काही रुतलं असेल तर उपटू नका, बाजूने दाबा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर चार बोटं, सांधा सोडून, रुंद पट्टा घट्ट बांधा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. माणसाला आडवं झोपवा, पांघरूण घाला. रक्त गेलेलं शरीर गार पडलं की रक्त गोठायचं आणखी कमी होतं. तोंडाने पाणी, चहा काही नको, कारण शस्त्रक्रिया लागू शकते.

आणि १०८ ला फोन. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. फोनवर आपण काय सांगतो? 'लवकर या हो, खूप रक्त गेलंय, रक्तबंबाळ झालाय.' यातून समोरच्याला काहीच कळत नाही. असं सांगा : 'वय ७२, पुरुष. काच लागून मांडीला जखम. पंधरा मिनिटांपासून रक्त जातंय. दोन टॉवेल पूर्ण भिजले. नाडी ११०, हात गार, बोलणं तुटक. रक्त पातळ करण्याची गोळी चालू. पत्ता असा, खूण अशी.' किती, कधीपासून, कुठून, आणि माणूस आता कसा आहे. वीस सेकंद लागतात. तेवढ्यावर पलीकडच्या डॉक्टरला कळतं की जवळच्या दवाखान्यात थांबायचं की तिथे सलाईन लावून पुढे ठाण्याला न्यायचं. इथून ठाणं पन्नास किलोमीटरच्या आसपास. वाटेत ट्रॅफिक किती असतो ते मी सांगायला नको.

महामार्गावर अनोळखी माणूस जखमी दिसला की पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने गाडी थांबवत नाहीत. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. तरुण मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

शेवटी, गेलेलं रक्त रक्तानेच भरून निघतं. सलाईनने वाहिन्या भरतात, पण प्राणवायू तांबड्या पेशीच नेतात. आणि त्या कारखान्यात बनत नाहीत. १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो 'ओ' दिसतो, पण त्या माणसाला 'ओ' चालत नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. म्हणून 'माझा ओ आहे, माहीत आहे मला' म्हणू नका. रक्तदान करा, म्हणजे तपासणीही होते. पिशवीतल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. त्यामुळे २६ जानेवारीला एकदा शिबिर घेऊन वर्षाची बेगमी होत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा खात्यात भरणा करावा लागतो.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. प्रत्येक घराने एक कार्ड लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावावं : नाव, वय, रक्तगट, रोजच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी गोळी आहे की नाही, नातेवाइकाचा फोन. खर्च काही नाही. पंचवीस वर्षांत आपण टाकीच्या पाण्यासाठी, लिफ्टसाठी, पार्किंगसाठी कितीतरी सर्वसाधारण सभा गाजवल्या. हा ठराव न भांडता मंजूर करू या. कार्डाचे कागद मी छापून आणले आहेत. जाताना दारातल्या टेबलावरून प्रत्येकाने एक घ्यावा आणि शेजारच्या आजींचा त्यांना विचारून भरून द्यावा, कारण त्यांना बारीक अक्षर दिसत नाही.